खानदानी द्राक्षाची बिनखानदानी आई

वाइनबद्दलचं नवशिक्यांसाठीचं कुठलंही पुस्तक उघडा, एखादं रील बघा किंवा टेस्टिंगचा कोर्स लावा. पहिल्या दहा मिनिटांत ‘नोबल ग्रेप्स’ हा शब्द येणारच. काळ्यांपैकी तीन : काबर्ने सोव्हिन्यों, मर्लो, पिनो न्वार. पांढऱ्यांपैकी तीन : शार्डने, सोव्हिन्यों ब्लाँ, रीसलिंग. ही सहा खानदानी. बाकीची आपली अशीच.

‘बाकीची’ म्हणजे किती? जॅन्सिस रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांचा ‘वाइन ग्रेप्स’ हा जाडजूड ग्रंथ २०१२ साली आला. त्यात वाइनसाठी लावल्या जाणाऱ्या १,३६८ द्राक्षांची नोंद आहे. म्हणजे सहा खानदानी आणि १,३६२ इतर. ही वाटणी कुणी केली, कशाच्या जोरावर केली, हे कोर्समध्ये कुणी विचारत नाही. ग्लास गोल फिरवायचा, नाक खुपसायचं, आणि यादी पाठ करायची.

मराठीत द्राक्षाच्या प्रकाराला ‘वाण’ म्हणतात आणि ‘जात’ही म्हणतात. या लेखात मी मुद्दाम ‘जात’ म्हणणार आहे. कारण ही गोष्ट वाइनची असली तरी ती आपल्याला शिकवावी लागत नाही. उच्च कुळ, हलकं कुळ, कुणाचं पाणी कुणाला चालतं, कुणाच्या पोरांना कुणाचं नाव मिळतं, हे सगळं आपण आईच्या दुधाबरोबर शिकलेलो आहोत.

माझं म्हणणं सरळ आहे. खानदानी द्राक्ष नावाची गोष्ट अस्तित्वात नाही. हे निव्वळ मत नाही, प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं आहे, आणि त्याला पंचवीसहून अधिक वर्षं झाली. तरी यादी जिथल्या तिथे आहे. हा लेख त्या यादीच्या विरोधात आहे, आणि त्यासाठी मी एकच साक्षीदार उभी करतो. तिचं नाव ग्वे ब्लाँ.

नावातच शिवी

‘ब्लाँ’ म्हणजे पांढरं. ‘ग्वे’ हे नाव जुन्या फ्रेंचमधल्या ‘गू’ या हेटाळणीच्या शब्दावरून आलं असं सांगतात. मराठी वाचकानं इथे हसून घ्यावं. योगायोग आहे, पण भाव पोचला.

जर्मन मुलखात हीच जात ‘वाइसर हॉयनिश’ या नावानं ओळखली जाते. ‘हॉयनिश’ म्हणजे हूणांचं, परक्यांचं, रानटी. त्याच्या समोरचा शब्द ‘फ्रेंकिश’, म्हणजे फ्रँक लोकांचं, आपलं, चांगलं. बाराव्या शतकातली मठवासी संन्यासिनी बिंगेनची हिल्डेगार्ड वैद्यकीवर लिहिताना ही फोड करते. फ्रँक वाइन जोरकस, रक्त खवळवणारी, म्हणून ती पाणी घालून प्यावी. हूण वाइन मुळातच पाणचट, तिला पाणी घालायची गरज नाही. ‘हॉयनिश’ हे तेव्हा एका जातीचं नाव नव्हतं. हलक्या समजल्या जाणाऱ्या कितीतरी द्राक्षांना ते एकत्र लावलं जायचं. पुढे ते या एका वेलीला चिकटलं ते कायमचं. गावात अनेकांना मिळून दिलेली शिवी शेवटी एकाच घराचं आडनाव होऊन बसावी, तसं.

वेल म्हणून ग्वे कशी? जोमदार. घड भरपूर. रस आंबट, वास आणि चव फारशी नाही. मध्ययुगात ईशान्य फ्रान्समध्ये ती जिकडेतिकडे होती. उन्हाच्या, निचऱ्याच्या उतारावर पिनो लावायची. ती ड्यूकची, मठांची, पैसेवाल्यांची. ज्या जमिनीवर पिनोला लाज वाटेल अशा सपाट, दुय्यम जमिनीवर ग्वे लावायची. ती शेतकऱ्यांची, त्यांच्या रोजच्या पिण्याची. दोघींच्या बागा मात्र शेजारी शेजारी. बांधाला बांध लागून. हा शेजार लक्षात ठेवा.

बेइमान, पण कुणाशी?

३१ जुलै १३९५ रोजी बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड यानं एक फर्मान काढलं. निशाण्यावर ग्वे नव्हती, गामे नावाची एक काळी जात होती. गामे पिनोच्या आधी पिकायची, माल कितीतरी जास्त द्यायची. फर्मानानं तिला वाईट आणि बेइमान वेल ठरवलं आणि उपटून टाकायचा हुकूम सोडला. बागेत शेणखत घालायलाही मनाई केली, कारण खतानं माल वाढतो आणि वाइनची प्रत उतरते.

वेल बेइमान कशी असेल? प्लेगच्या साथीनं युरोपातली माणसं चिलटांसारखी मेलेली. बागेत राबायला हात कमी पडत होते. अशा वेळी थोड्या कष्टात जास्त माल देणारी, थंडी पडायच्या आत पिकून हाती येणारी वेल शेतकऱ्याशी इमानदारच होती. ती बेइमान होती ड्यूकच्या नावलौकिकाशी. बर्गंडीची पिनो ही राजेरजवाड्यांच्या, पोपच्या मेजावर जाणारी चीज होती. तिचं नाव राखायचं म्हणून शेतकऱ्यानं आपली वेल उपटायची. आजच्या भाषेत सांगायचं तर ब्रँड सांभाळायची किंमत ब्रँडचा मालक देत नव्हता, शेतकरी देत होता.

ग्वेवरही वेगवेगळ्या मुलखांत वेगवेगळ्या काळी बंदी आली. तरी ती टिकली, कारण गरिबाची वेल उपटून संपत नाही. ती खऱ्या अर्थानं संपत आली एकोणिसाव्या शतकात. अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीनं युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या. नव्यानं लागवड करताना जो तो चांगल्या भावाची जात लावू लागला. ग्वे कोण लावणार? फ्रान्समध्ये तिची नाव घेण्याजोगी बाग उरली नाही. ती उरली व्हासालच्या संग्रहात. भूमध्य समुद्राच्या काठी वाळूत लावलेला हा सरकारी द्राक्षसंग्रह. वाळूत फायलोक्सेरा जगत नाही म्हणून तिथे. जणू वेलींचा वृद्धाश्रम.

आणि मग रक्ततपासणी

इथे द्राक्षाबद्दलची एक गोष्ट माहीत हवी. महाराष्ट्रातला कुठलाही द्राक्षबागायतदार ती सांगेल. द्राक्ष बी लावून वाढवत नाहीत, काडी लावून किंवा कलम करून वाढवतात. काडीतून येणारी वेल ही मूळ वेलच असते, तिची लेक नव्हे. बी रुजलं तर मात्र नवा जीव जन्मतो, आईबापांपेक्षा वेगळा. म्हणजे शार्डने नावाची जात ही कधीकाळी रुजलेल्या एका बीची कहाणी आहे. जगात आज २ लाख हेक्टरच्या आसपास शार्डने आहे, ती सगळी त्या एका रोपाच्या काड्यांच्या काड्यांच्या काड्या.

मग त्या बीचे आईबाप कोण?

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बाउअर्स यांनी द्राक्षांचे डीएनए जुळवून बघायला सुरुवात केली. १९९७ साली त्यांनी दाखवलं, की खानदानी काबर्ने सोव्हिन्यों ही काबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ यांची संतती आहे. काळ्याची राणी निघाली काळ्या-पांढऱ्याच्या संकरातून. मग त्यांनी माँपेलिएच्या फ्रेंच संशोधकांबरोबर ३००हून अधिक जाती तपासल्या. १९९९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आला : ईशान्य फ्रान्समधल्या सोळा जाती एकाच जोडप्याची अपत्यं आहेत. एक जोडीदार पिनो. दुसरा जोडीदार ग्वे ब्लाँ.

त्या सोळांत शार्डने आहे.

पुन्हा वाचा. शाब्ली, माँराशे, शँपेन. ज्या पांढऱ्या वाइनच्या एका बाटलीला काही जण महिन्याच्या पगाराएवढे पैसे मोजतात, तिचं द्राक्ष त्या शिवीच्या नावाच्या वेलीचं पोर आहे. विसाव्या शतकातही बाटल्यांवर ‘पिनो शार्डने’ असं छापत. शार्डने म्हणजे पिनोचंच एक पांढरं रूप, असा अनेकांचा समज होता. कुलीन बापाचं नाव लावलं, दुसऱ्या बाजूचा प्रश्नच कुणी विचारला नाही.

त्या सोळांत आलिगोते आहे, ओक्सेरवा आहे. मलों आहे, जिला बर्गंडीतून हाकललं आणि जी १७०९ सालच्या भयानक थंडीनंतर अटलांटिककाठच्या नाँतच्या परिसरात स्थिरावली. तिची वाइन आज मस्कादे म्हणून विकली जाते. आणि त्या सोळांत गामेही आहे. तीच, बेइमान.

म्हणजे शार्डने आणि गामे सख्खी भावंडं आहेत. तेच आई, तोच बाप. एकीला माँराशेचा उतार मिळाला आणि दुसरीला ड्यूकचं फर्मान. आलिगोतेचं काय झालं? तीही सख्खीच. तिला बर्गंडीत चढाच्या वरची थंड आणि पायथ्याची ओलसर जमीन दिली, आणि तिच्या आंबट वाइनमध्ये काळ्या मनुकांसारख्या बेरीचं गोड लिकर ओतून पिण्याची पद्धत पडली. दिजाँचे महापौर फेलिक्स किर यांचं नाव त्या पेयाला मिळालं. भावंडांमध्ये रक्ताचा फरक नाही. फरक आहे जमिनीचा, आणि जमीन कुणी कुणाला दिली याचा.

पुढच्या तपासण्यांत ग्वेचा गोतावळा वाढतच गेला. हंगेरीतल्या तोकाय वाइनची फुरमिंट. जर्मनीची जुनीपुराणी एल्बलिंग. ऑस्ट्रियाची ब्लाउफ्रेंकिश, जिच्या नावातच ‘फ्रेंकिश’ आहे, म्हणजे आपलं, चांगलं, तिच्या अंगात निम्मं रक्त ‘हूणा’चं. आणि रीसलिंग. हो, यादीतली पांढरी खानदानी रीसलिंगही.

यादी घ्या, पेन घ्या

आता ती सहा नावं परत समोर ठेवा.

शार्डने : ग्वेचं पोर. रीसलिंग : ग्वेचं पोर. काबर्ने सोव्हिन्यों : संकर. मर्लो? २००९ साली तिचीही आई सापडली. ब्रिटनीतल्या एका सोडून दिलेल्या जागेवर एक बेनाव वेल आढळली होती; तीच वेल पुढे शारांत भागात काही घरांच्या दारात मांडवावर चढलेली मिळाली. शास्त्रज्ञांना तिचं बारसं करावं लागलं : माग्दलेन न्वार दे शारांत. जगातल्या सगळ्यात जास्त लावल्या जाणाऱ्या द्राक्षांपैकी एकीच्या आईला नावसुद्धा नव्हतं.

सहापैकी चौघींची कुंडली ही अशी. मग ‘नोबल’ कशाला म्हणायचं? शुद्ध रक्त म्हणाल तर ते नाही. जुनं घराणं म्हणाल तर ग्वे त्यातल्या दोघींची जन्मदात्री, म्हणजे त्यांच्याहून जुनी. उलट पिनो आणि ग्वे यांच्या पोटी इतकी गुणी पोरं निपजली याचं एक कारण त्या दोघी एकमेकींपासून आनुवंशिकदृष्ट्या दूर होत्या, हे आहे. नात्यातल्या नात्यात जुळवलेल्या वेलींची रोपं बहुधा मरतुकडी निघतात. बांधापलीकडून परागकण आले म्हणून शार्डने झाली. ड्यूकला हवी तशी सगळीकडे फक्त पिनो असती, तर आज बर्गंडीची पांढरी वाइन ओळखूच आली नसती.

आणि ते बी रुजल्यावर कुणीतरी त्या रोपाचं फळ चाखलं, बरं लागलं, काडी कापून पुढे लावली. त्याशिवाय जात टिकत नाही. त्या माणसाचं नाव कुठल्याही फर्मानात नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप : पण ग्वेची स्वतःची वाइन काही खास नसते. मान्य. स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात, फिस्प गावाच्या परिसरात ती ‘ग्वेस’ नावानं अजून लावतात. शाँतों कुटुंबाची वायनरी तिची बाटली काढते. ऑस्ट्रेलियात रदरग्लेनच्या चेंबर्स रोजवूडकडे तिच्या जुन्या वेली आहेत. इटलीच्या पिमोंतेत ती ‘लिझेरेत’ म्हणून थोडीशी उरली आहे. ही हलकी, आंबट, हिरव्या सफरचंदाच्या आणि लिंबाच्या वळणाची वाइन. तिच्यावर कुणी काव्य करणार नाही. पण विचार करा. जिला शतकानुशतकं वाईट जमीन दिली, जिच्याकडून फक्त वजन मागितलं, तिची परीक्षा कधी झाली? सपाट जमिनीवर भरमसाट माल धरलेली शार्डनेसुद्धा पाण्यासारखीच लागते. सुपरमार्केटच्या तळच्या फळीवर ती मुबलक मिळते. फरक एवढाच, की शार्डने पाणचट निघाली तर आपण वाइन करणाऱ्याला दोष देतो. ग्वे पाणचट निघाली तर ग्वेला.

शिवाय आंबटपणा हा दोष कधी ठरला? थंड हवेत द्राक्ष पुरतं पिकत नव्हतं तेव्हा. आज युरोपातले उन्हाळे तापत चाललेत, साखर धडाधड चढते आणि आम्ल पडतं. आता तेच बर्गंडीचे बागायतदार आलिगोतेकडे नव्यानं बघू लागलेत, तिच्या आंबटपणासाठी. काल ज्याला अवगुण म्हटलं तो आज कामाला येतोय. म्हणून कुठलीही जात ‘बाकीची’ म्हणून टाकून द्यायची नसते. उद्या काय लागेल हे ड्यूकलाही ठाऊक नव्हतं.

दुसरा आक्षेप : कुळाशी काय करायचंय, चव महत्त्वाची. अगदी बरोबर. मग ‘नोबल’ हा शब्द टाका. ‘जगभर रुजलेल्या सहा जाती’ म्हणा, ‘बाजारात चालणाऱ्या सहा जाती’ म्हणा. ते खरं आहे. चवीबद्दल बोलायचं आणि शब्द मात्र कुळाचा वापरायचा, ही चलाखी आहे. ज्याला शब्दाचा काही फरक पडत नाही असं वाटतं, त्यानं तो शब्द सोडून दाखवावा.

तिसरा आक्षेप सगळ्यात गोड आहे, म्हणून सगळ्यात धोक्याचा : आता ग्वेला न्याय मिळालाय की! हल्ली जिकडेतिकडे तिचं कौतुक होतं, ‘शार्डनेची आई’ म्हणून.

हेच ते. तिला मान मिळाला तो पोरांमुळे. पोरं कुलीन घरात पोचली म्हणून आईला ओसरीवर पाट. शार्डने जन्मलीच नसती तर ग्वे माणसांना पाजण्याचं तिचं काम तितकंच करत होती. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांच्या घरात जी वाइन प्याली गेली, ती तिची. तेवढं पुरेसं का नाही? कर्तृत्ववान मुलगा दाखवल्याशिवाय ज्या बाईला नाव मिळत नाही, तिचा सत्कार हा सत्कार नसतो, जुनाच हिशेब नव्या वहीत उतरवलेला असतो.

आणि कौतुक करतानाही गंमत बघा. एवढी संतती म्हणून काहींनी तिला ‘द्राक्षांतला कॅसानोव्हा’ म्हटलं. बाप! मग २०१० साली ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये केंब्रिजच्या संशोधकांचा निबंध आला. हरितलवकातला डीएनए वेलीत फक्त आईकडून येतो. त्यावरून त्यांनी दाखवलं, की शार्डने, गामे, आलिगोते यांची ग्वे ही आई आहे. परागकण पिनोचे, पण बी ग्वेच्या घडात पोसलं गेलं. शार्डनेचा गर्भ त्या हलक्या जमिनीवरच्या, हेटाळलेल्या वेलीनं वाढवला. बाप म्हणून तिचं कौतुक चालतं. आई म्हणून ती सापडेपर्यंत आणखी अकरा वर्षं गेली.

जमिनीखाली काय आहे

शेवटी बागेतली माती थोडी उकरू.

फायलोक्सेरानंतर युरोप वाचला तो अमेरिकन रानवेलींच्या मुळांवर. त्यांच्या खुंटावर पिनो, शार्डने, काबर्ने यांचे डोळे बांधले. आज बर्गंडीतली जवळजवळ प्रत्येक खानदानी वेल जमिनीखाली परकी आणि रानटी आहे. त्या खुंटाचं नाव बाटलीवर छापत नाहीत.

आपल्याकडे नाशिकला, सांगलीला, सोलापूरला हे कुणाला सांगायची गरज नाही. इथली बरीचशी द्राक्षबाग ‘डॉगरिज’ खुंटावर उभी आहे. तोही मूळचा अमेरिकन रानवेलच. खारं पाणी आणि दुष्काळ सोसतो म्हणून लावतात, फळासाठी कुणी लावत नाही. तासगावची तास-ए-गणेश असो किंवा नाशिकची वाइनची शेनिन, वर घड कुणाचेही लटकोत, पाणी तोच ओढून देतो. बागायतदाराला हे इतकं सवयीचं आहे, की तो खुंटाबद्दल आदरानं बोलतो, आणि डोळे भरताना वरच्या काडीइतकीच खालच्या खुंटाची चौकशी करतो. ‘नोबल’ची यादी पाठ करणाऱ्यांनी एखादा दिवस त्याच्याबरोबर बागेत काढावा.

महाराष्ट्रात वाइन पिणारी आपली पिढी तशी पहिलीच. आपल्या आजोबांनी शार्डने प्यायली नव्हती, त्यामुळे आपल्याकडे याबाबत वारसा नाही. हे मी चांगलं मानतो. युरोपानं सहाशे वर्षं बाळगलेली उतरंड आपल्याला वारशात मिळालेली नाही. ती आपण पैसे मोजून कोर्सला शिकतोय. आपल्याकडे आधीच एक उतरंड आहे, ती अजून मोडायची राहिली आहे; दुसरी विकत आणायची हौस कशाला?

पुढच्या वेळी कुणी ग्लास फिरवत नोबल ग्रेप्सची सहा नावं घेऊ लागलं, तर मध्येच थांबवा आणि विचारा : आईचं नाव काय?